गरवायला जाताना पिशवीत नेमकं काय हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी पुण्यात, गाव गुहागर तालुक्यात, वर्षातून तीनदा गावी येणं होतं, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. यंदापासून खाडीत आणि खडपावर (समुद्रकाठच्या कातळावर) गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचं, मनात आहे. ओळखीतल्या एकाने यादी करून दिली आहे. त्यात तीन रॉड, चार रिळं, चाळीस लूर (खोटी आमिषं), दोन जाळी आणि वर एक एअरगन आहे. हिशेब पन्नास हजारांच्या पुढे गेला आहे, आणि यातलं खरंच किती लागतं हे तुम्हाला हवं आहे.

मी सत्तावीस वर्षं दाभोळ ते जयगड या पट्ट्यात गरवतो. तुमच्या यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू मी कधी ना कधी विकत घेतली आहे, त्यामुळे जे सांगतो ते वापरून सांगतो.

सामान किती हे ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर मांडा. तुम्ही वर्षात किती वेळा पाण्यावर उभे राहणार, आणि ते पाणी कुठलं असणार. तीन खेपांत मिळून तुम्ही गावी वीस-बावीस दिवस असाल. त्यातले गणपतीचे दिवस पूजा, आरत्या, पाहुण्यांत जातात, शिमग्याला पालखी असते, मे महिन्यात लग्नं असतात. खरोखर गरी टाकायला बारा-तेरा वेळा मिळालं तर भरपूर झालं. चार रिळं वर्षात तेरा वेळा वापरायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन खेपा आल्या. उरलेले दिवस ती कपाटात खाऱ्या हवेने आखडत बसणार.

पाण्याचं गणित त्याहून महत्त्वाचं, आणि ते तिथीवर चालतं. आपल्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोणत्या वेळी धक्क्यावर असायला हवं एवढं त्यातून नक्की कळतं. आता तुमच्या खेपा याच्याशी ताडून पाहा. गणपती चतुर्थीला बसतात आणि गौरीबरोबरचं विसर्जन अष्टमी-नवमीच्या आसपास होतं. म्हणजे तुम्ही उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) ओसरताना येता आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी चढ-उताराच्या) पाण्यावर परत जाता. खाडीला ओढ कमी असते, पण पाणी पावसाने लाल झालेलं असतं आणि समुद्र खवळलेला, त्यामुळे खडपावर उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही. शिमग्याला उलट. होळी पौर्णिमेला, म्हणजे ऐन उधाण. शास्त्री नदीच्या मुखाशी, तवसाळ-जयगडच्या बाजूला, पाणी अर्ध्या भरतीला इतकं ओढतं की तीस ग्रॅमचं शिसं तळाला टिकत नाही, वाहत येऊन काठाला लागतं. मे महिन्यात पाणी स्वच्छ असतं, पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) आणि खडपावर दोन्हीकडे गरवता येतं, पण मासा उजाडताना आणि दिवस मावळतानाच काठाला येतो.

मासेही तसेच बदलतात. गणपतीत गढूळ पाण्यात जिताडा आणि शिंगाळा. शिमग्याला धक्क्याच्या खांबांपाशी आणि बुडालेल्या कातळापाशी तांबोशी. मे महिन्यात पुळणीवर मुडदुशी आणि खडपावर गोबरा. या तीन खेपांना पुरेल ते तुमचं सामान.

रॉड एकच घ्या. साडेआठ-नऊ फुटांचा, दोन तुकड्यांचा, वीस ते साठ ग्रॅम वजन फेकू शकेल असा. यापेक्षा आखूड घेतलात तर खडपावरून दोरी कातळाच्या कडेला घासते, आणि बारा फुटी घेतलात तर कांदळाच्या फांद्यांखाली हातच फिरवता येत नाही. एसटीने किंवा कोकण रेल्वेने येत असाल तर चार तुकड्यांचा प्रवासी रॉड पाहा. एकात एक सरकणारे स्वस्त रॉड खाऱ्या पाण्यात लवकर अडकतात, सांध्यात वाळू गेली की उघडत नाहीत आणि मिटतही नाहीत. माझे असे दोन गेले.

रीळ एकच, पण इथे पैसे वाचवू नका. चार हजार नंबरचं स्पिनिंग रीळ आपल्या खाडीला आणि खडपाला दोन्हीकडे चालतं. दुकानात आत किती बेअरिंग आहेत हे सांगतील, तुम्ही ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक, तपासा. दोरी हाताने ओढून पाहा, सुटताना ती एकसारखी सुटते की धक्के देत सुटते ते बघा. तांबोशी लागली की ती सरळ कातळात किंवा खांबाकडे धावते. त्या चार-पाच सेकंदांत ड्रॅग अडखळला तर दोरी तुटते. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराची नको, ती मीठ आत ढकलते. मग पुसून, सावलीत वाळवून ड्रॅग सैल करून ठेवा. माझं पहिलं चांगलं रीळ दीड वर्षात जाम झालं. मी बराच काळ दुकानदाराला बोल लावत होतो. चूक माझी होती, गरवून आलो की रीळ तसंच पिशवीत राहायचं.

मग उधाणाच्या पाण्याचं काय, जिथे तीस-चाळीस ग्रॅम शिसं टिकत नाही? यादीवाल्याने त्यासाठी दुसरा जड रॉड सुचवला आहे. मी त्या जागी हातदोरी सुचवतो. पाऊण मिलिमीटर जाडीच्या तंगुसाची (एकपदरी नायलॉनची) दोरी, पन्नास-साठ मीटर, प्लास्टिकच्या चकतीला किंवा लाकडी फळीला गुंडाळलेली, खाली शंभर-सव्वाशे ग्रॅम शिसं. धक्क्यावरून ती फेकायची नसते, खांबाच्या बाजूला सरळ खाली सोडायची. मासा टोचला की बोटाला थेट कळतं. आमच्या भागातली जाणती माणसं आजही धक्क्यावर रॉड नेत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. जिथे मासा पायाखाली आहे तिथे लांब फेकण्याचं साधन अडचणच करतं. बोटांना मात्र काहीतरी बांधा, मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे वापरतो. ओली दोरी सुटली की कातडी कापते.

आता ज्या वस्तू खरंच जास्त हव्यात त्याकडे येतो. रॉड, रीळ, पक्कड तुमच्या हातात राहतात, त्या एकेकच पुरतात. गळ, शिसं, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि पुढची जाड दोरी अडकून पाण्यात राहते. नवखा माणूस खडपावर एका सकाळी सहा-सात वेळा अडकवतो, मीही अजून दोन-तीनदा अडकवतो. चाळीस लूर आणि सहा गळ घेऊन आलेला माणूस नऊ वाजता घरी परततो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. म्हणून गळ भरपूर घ्या. मुडदुशीसाठी बारीक, आठ नंबरचे पंचवीस. शिंगाळा आणि इतर मिसळ माशांसाठी १/० चे पंचवीस. तांबोशी आणि जिताड्यासाठी ४/० चे वीस. आकड्यांनी गोंधळू नका: साधा आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि आकड्यापुढे शून्य असेल तर आकडा वाढेल तसा गळ मोठा.

रिळावर वेणीची दोरी, तीस पाउंडाची, दोनशे मीटर. तिच्या पुढे दीड-दोन मीटर जाड नायलॉन, चाळीस पाउंडाचं. वेणीची दोरी पातळ असल्याने लांब जाते आणि ओढीत कमी वाहते, पण कालवांच्या कडेला लागली की सुतासारखी कापली जाते, म्हणून पुढे जाड नायलॉन. या दोन दोऱ्या जोडण्याची एक गाठ आणि गळ बांधण्याची एक गाठ, एवढ्या दोन पक्क्या करा. पुण्यात घरी बसून वीस-वीस वेळा बांधा, मग दिवा मालवून बांधा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायला विसरू नका, कोरडं नायलॉन आवळताना तापतं आणि तिथेच कच्चं होतं.

शिशाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण यात पैसेही वाचतात आणि मासाही. खडपात शिसं मुख्य दोरीला थेट बांधू नका. शिसं कच्च्या, पातळ दोरीने वेगळं लटकवा, वितभर. शिसं फटीत अडकलं की ती कच्ची दोरी तुटते, गळ आणि मासा दोन्ही वर येतात. आणि खडपात शिसंच हवं असंही नाही. गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग, जाड नट मागून आणा, तेवढं वजन चालतं आणि शिशासारखं विष पाण्यात राहत नाही. फुटकं शिसं दोरीवर बसवताना दाताने दाबायची अनेकांना सवय असते. ती लावून घेऊ नका, आणि मुलांच्या हातात शिसं देऊ नका. तुटलेल्या दोरीचे तुकडे खिशात घालून परत आणा. बगळ्याच्या पायात अडकलेली दोरी मी दोनदा सोडवली आहे, एकदा उशीर झाला होता.

लूरबद्दल माझं मत तुमच्या मित्राला आवडणार नाही. २०१६ साली मी एक वही केली आणि वर्षभर प्रत्येक खेपेनंतर लिहीत गेलो: कुठे, कोणती तिथी, काय वापरलं, काय लागलं. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या पेटीत त्रेसष्ट लूर होते. त्यातले वर्षभरात पाण्यात टाकले अकरा, आणि मासा लागला पाचांना. बाकीचे बावन्न मी फक्त वाहिले. त्याहून वाईट म्हणजे पेटी उघडून कोणता लावू याचा विचार करण्यात भरतीची शेवटची पंधरा मिनिटं जायची, आणि त्याच पंधरा मिनिटांत मासा खायला निघतो. तेव्हापासून मी पाचच नेतो: बोटभर-सव्वाबोट लांबीचे दोन तरंगते-बुडते मासे, एक पाण्यावर आवाज करणारा पॉपर, एक तीस ग्रॅमचा धातूचा जिग आणि जड डोक्याच्या गळावर बसवायचे रबरी मासे. रंगांवर वेळ घालवू नका. गढूळ पाण्यात गडद किंवा भडक, स्वच्छ पाण्यात चंदेरी, एवढं पुरतं. तुमच्या पहिल्या वर्षाला तर मी म्हणेन की ताजी कोळंबी आणि बोयट माशाचे तुकडे यांच्यावरच राहा. आमिषाने तुम्हाला मासा कुठे उभा असतो ते कळतं. ते कळल्याशिवाय लूर फेकणं म्हणजे रिकाम्या पाण्यावर हात दुखवणं.

दोन वस्तू यादीत नाहीतच, आणि मला त्याचीच काळजी वाटली. पहिली, बूट. आपल्या खडपावर कालवं असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. हेदवीला मी चपलेवर गेलो होतो, घसरलो, तळपायाला नऊ टाके पडले आणि पुढचे दोन महिने पाण्याकडे जाता आलं नाही. त्या दिवशी माझ्या हातातला रॉड पायातल्या चपलेच्या चाळीसपट किमतीचा होता. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे, ओल्या दगडावर न घसरणारे बूट आधी घ्या. दुसरी, फुगवायचं किंवा फोमचं लाइफ जॅकेट. हेदवीची बामणघळ तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल, भरतीला पाणी त्या चिरेतून कसं उसळतं ते ठाऊक असेल. तशा लहान-मोठ्या चिरा सगळ्या खडपात आहेत. खडपावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघायच्या. दगड ओला दिसतो तिथपर्यंत लाट येते, मग समोर कितीही शांत वाटो. एकट्याने जायचं नाही, आणि वीज कडाडायला लागली की कार्बनचा रॉड खाली ठेवून काठ सोडायचा.

त्यांच्या जोडीला लांब नाकाची पक्कड, कपाळावरचा दिवा, पाण्याची बाटली, चिकटपट्टी आणि जंतुनाशक. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असा काटा असतो, तो हाताने धरू नका, पक्कडीनेच गळ काढा. पुळणीवर पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, घसटत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं. पाकटाचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवा, वेदना कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जा. केंड (फुगणारा मासा) लागला तर दोरी कापून सोडून द्या. तो विषारी असतो, घरी नेऊ नका.

जाळी यादीतून काढा. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकणं ही वेगळी विद्या आहे, ती हातात बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि गावात ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्या जागेत आपण सुट्टीला येऊन पाग फिरवणं मला पटत नाही. आमिषाला बोयट आणि कोळंबी त्यांच्याकडूनच विकत घ्या. पाण्याची खरी बातमीही तिथेच मिळते.

एअरगनबद्दल स्पष्ट सांगतो. आजोबांच्या काळी शिमग्याला पारध निघायची, त्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संपलं. ससा, कवडा, रानडुक्कर, काहीही परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे, मग हत्यार एअरगन असो, गलोल असो की फासकी. शिकारीचं सामान किती लागतं याचं उत्तर शून्य आहे. रान बघायचंच असेल तर त्या पैशांत बऱ्यापैकी दुर्बीण येते.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी गाठीला असू द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या काळात कोणी "होडीने नेतो" म्हटलं तरी जाऊ नका. आणि कधी मालवणला गेलात तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, कुठे गरवायला चालतं ते आधी विचारा. पहिल्या पावसात ओहोळातून चढणीचे मासे वर येतात, त्यांना तर काहीच सामान लागत नाही, लोक हातानेही धरतात. ते पोटात अंडी घेऊन चढत असतात. मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ते धरणं सोडलं, आणि तुम्हीही त्यांना जाऊ द्यावं ही माझी विनंती आहे.

हे सगळं तुम्ही काठावरून गरवणार असं धरून सांगितलं. उद्या होडीने आत जायचं ठरलं तर आखूड, ताकदीचा दुसरा रॉड लागेल. मुलं बरोबर असतील तर त्यांना रीळ देऊ नका. चिव्याची काठी, तिच्या टोकाला काठीएवढीच दोरी, बारीक गळ आणि पिसाची तरंग, एवढ्यावर ती खाडीच्या उथळ पाण्यात दुपारभर रमतात. गुडघा दुखत असेल, पोहता येत नसेल, तर खडप पूर्ण सोडा आणि धक्का धरा. तिथे हातदोरीने भागतं, रॉडही नको.

पैशांचा ढोबळ अंदाज द्यायचा तर: रॉड अडीच हजार, रीळ साडेतीन हजार, दोन्ही दोऱ्या मिळून दीड हजार, हातदोरी दोनशे, गळ-शिसं-स्विव्हल आठशे, पाच लूर दीड हजार, बूट दोन हजार, लाइफ जॅकेट दीड हजार, पक्कड-दिवा-औषधं हजार. साडेचौदा हजार होतात. लूर पुढच्या वर्षावर टाकलेत तर तेरा. ब्रँडप्रमाणे आकडा वरखाली होईल, पण बूट आणि जॅकेट यांतून पैसे काढून रॉडमध्ये घालू नका.

आणि हेही सगळं एकदम घेऊ नका. शिमग्याला पौर्णिमेच्या चार दिवस आधी, एकादशीला गावात पोचता आलं तर बघा. सव्वाआठच्या आसपास भरती असेल, पाणी अजून पूर्ण उधाणाचं नसेल. फेरीबोट लागते ती जागा सोडून धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला सकाळी साडेसहाला या. हातदोरी, ४/० चे चार गळ, जुने स्पार्क प्लग आणि पाव किलो ताजी कोळंबी एवढंच आणा. मी बहुतेक तिथेच असतो.